‘डॅझल शिप्स’: एक उपेक्षित ध्वनिमुद्रिका

1917 सालीं नॉर्मन विल्किन्सन या चित्रकारानें ब्रिटिश आरमारास एक विपरीत वाटणारी युक्ति सुचविली: जहाज लपवूं नका; त्यावर ठळक वांकडेतिकडे पट्टे रंगवा, म्हणजे शत्रूच्या पाणबुडीस त्याची दिशा व वेग अजमावितां येणार नाहीं. लिव्हरपूलच्या गोदींतील अशा जहाजाचें चित्र एडवर्ड वॉड्सवर्थ यांनीं 1919 सालीं काढलें. त्यावरूनच त्या शहरानजीकच्या ‘ऑर्केस्ट्रल मॅन्युव्हर्स इन द डार्क’ या ‘न्यू वेव्ह’ वाद्यवृंदानें आपल्या 1983 च्या ध्वनिमुद्रिकेस नांव दिलें.

आधींची 1981 ची ‘आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी’ लक्षावधि खपली होती. हिचा खप पार कोसळला. गाण्यांच्या मध्यें हे आवाजांचे तुकडे कशाला, असा टीकाकारांचा आक्षेप. मला वाटतें, ते तुकडे हाच तिचा गाभा आहे. एकांत प्राग नभोवाणीची खूण वाजते. ‘टाइम झोन्स’मध्यें निरनिराळ्या देशांतील वेळ सांगणारे आवाज एकमेकांवर आदळतात. गाणें असें त्यांत नाहींच. परंतु शीतयुद्धाच्या काळीं ज्यानें रात्रीं शॉर्टवेव्हची कळ फिरविली असेल, त्याला तो युरोप तत्काळ ओळखूं येईल: भिंतीपलीकडचा शेजारी ऐकूं येतो, दिसत नाहीं.

दोष आहेतच. दोन गीतें पूर्वीच्या तबकड्यांच्या मागील बाजूंवरून घेतलेलीं आहेत. सामग्री अपुरी पडली, हें उघड आहे. (त्यांपैकीं ‘द रोमान्स ऑफ द टेलिस्कोप’ मात्र फार सुंदर.) 1984 च्या ‘जंक कल्चर’मध्यें मंडळी निमूटपणें नाचाच्या चालींकडे वळली. तसले तुकडे ठळकपणें पुन्हा ऐकूं आले ते 2013 च्या ‘इंग्लिश इलेक्ट्रिक’मध्यें, तीस वर्षांनीं.