बगळ्याचा आहार आणि आपला निवाडा

नंदुरबार जिल्ह्यात प्रकाशे येथे तापीच्या उथळ पाण्यात निश्चल उभा असलेला बगळा दिसला की पाहणाऱ्याच्या तोंडून 'बकध्यान' हा शब्द सहज निघतो. आपल्या वाङ्मयाने या पक्ष्याचा निकाल फार पूर्वीच लावून ठेवला आहे. पंचतंत्रातील बगळा तळे आटण्याची भीती घालून मासे एकेक करून नेतो आणि खातो. शेवटी खेकडा त्याची मान तोडतो. कथाकाराला बगळ्याचे भक्ष्य ठाऊक होते, यात शंका नाही. मात्र भूक आणि दंभ यांतला भेद त्याने पाहिला नाही, असे आम्हांस वाटते.

पक्षी काय खातो, हे त्याच्या जठरालाच विचारावे, ही कल्पना आपल्याकडे विसाव्या शतकाच्या आरंभी रुजली. बिहारातील पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेत मेसन यांनी पक्ष्यांची जठरे उघडून त्यांतील पदार्थांच्या नोंदी केल्या. मॅक्सवेल-लेफ्रॉय यांच्यासह तयार झालेला त्यांचा ग्रंथ १९१२ साली प्रसिद्ध झाला. हेतू शेतीच्या नफ्यातोट्याचा होता. गुरांमागून हिंडणारा गायबगळा मुख्यतः नाकतोडे व इतर कीटक टिपतो, म्हणजे तो शेतकऱ्याच्या बाजूचाच. या पद्धतीत एक उणीवही होती: शिंपल्याचे कवच जठरात टिकते, मऊ किडा मात्र लवकर विरघळतो, साक्ष अर्धीच मिळते. शिवाय साक्षीदाराला आधी ठार मारावे लागते!

तापी आपला गाळ सुरतेपुढे खंबायतच्या आखातात नेते. किनाऱ्यावरच्या चिखलात अशा नद्यांच्या गाळाचा वाटा मोठा असतो, आणि तेथे आहाराची वाटणी अधिक सूक्ष्म आहे. लांब वाकड्या चोचीचा कुरव खोलवरचे किडे व खेकडे काढतो. इवले टिलवे वरचा थर टिपतात. रोहित पक्षी मान खाली घालून चोच उलटी धरतो आणि जिभेने पाणी आत ओढून चोचीतील गाळणीतून बाहेर टाकतो. पेनेलोपी जेन्किन यांनी १९५७ साली ही क्रिया तपशिलाने मांडली. थोरल्या रोहिताची गाळणी जाड, म्हणून त्याला लहान कवचधारी जीव मिळतात. धाकट्याची अतिसूक्ष्म, म्हणून त्याचे पोट मुख्यतः शेवाळावर भरते. दोघे एकाच चिखलात उभे असतात, पण ताट वेगळे. त्यांचा गुलाबी रंगही या अन्नातूनच येतो.

महाराष्ट्रात हे पाहण्याचे उत्तम स्थळ म्हणजे ठाण्याची खाडी. १९९० नंतरच्या दशकात येथे रोहितांचे थवे नियमित दिसू लागले. शहराच्या सांडपाण्याने शेवाळ माजले, हे त्याचे एक कारण अभ्यासक सांगतात. आपल्या घाणीवर हे सौंदर्य पोसले जाते, ही गोष्ट आम्हांस अजून नीट पचलेली नाही. २०१५ साली खाडीचा काही भाग अभयारण्य झाला आणि २०२२ साली तिला रामसर स्थळाचा मान मिळाला.

तथापि जेवण ओहोटीपुरतेच. भरतीत चिखल बुडाला की थवे नवी मुंबईच्या पाणथळ जागांवर विसाव्यास येतात. या जागांवर भराव घालू पाहणारे म्हणतात, येथे पक्ष्यांचे अन्न नाही, मग जागा कशाला राखायची? घरात स्वयंपाकघराखेरीज दुसरी खोली नको, असे मात्र त्यांच्यापैकी कोणी म्हटल्याचे आम्ही ऐकलेले नाही.