मिनियन्स : दोन काळांचे दगड

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉल परगण्यात, बॉडमिन मूर हे ग्रॅनाइटचे ओसाड माळरान आहे. त्याच्या आग्नेय भागात, सुमारे ३०० मीटर उंचीवर, मिनियन्स हे खेडे वसलेले आहे. खेडे मुळीच जुने नाही. एकोणिसाव्या शतकातील खाणींनी ते जन्माला घातले. परंतु त्याच्या उशाशी ‘द हर्लर्स’ नावाची तीन शिलावर्तुळे जवळजवळ एका रेषेत उभी आहेत आणि त्यांचे वय चार हजार वर्षांच्या आसपास आहे.

हर्लिंग हा चेंडूचा खेळ. रविवारी प्रार्थना सोडून तो खेळणाऱ्या पुरुषांच्या शिळा झाल्या, अशी आख्यायिका सांगितली जाते. आपल्याकडील अहल्येला निदान उःशाप होता. या खेळाडूंना तोही नाही. ख्रिस्तपूर्व दगडांवर चढवलेले हे ख्रिस्ती प्रवचनच म्हणावे लागेल. ज्यांनी हे दगड ओढून आणले आणि उभे केले, त्यांच्याविषयी त्यात एक अक्षरही नाही.

१८३६ च्या सुमारास जवळच्या कॅराडन टेकडीत तांब्याची समृद्ध शीर सापडली. पुढच्याच वर्षी, हर्लर्सपासून थोड्याच अंतरावरील रिलॅटन येथील प्राचीन दगडी टेकाड मजूर बांधकामाच्या दगडासाठी उपसत असता आत एक दफन आढळले : मानवी सांगाडा, ब्राँझचा खंजीर आणि सुमारे ९ सेंटिमीटर उंचीचा सोन्याचा प्याला. ब्राँझ म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू; नव्या खाणींतून हेच दोन धातू निघणार होते. प्याला निखातनिधीच्या कायद्याने चौथ्या विल्यमकडे गेला. पाचवा जॉर्ज त्यात कॉलरची बटणे ठेवीत असे, असे सांगतात. १९३६ मध्ये त्या राजाचे निधन झाल्यानंतर तो ब्रिटिश म्युझियममध्ये आला. ज्यांच्या पहारीने तो उजेडात आला ते या प्रचलित हकिकतीत केवळ ‘मजूर’ म्हणून वावरतात. नाश आणि शोध ही येथे एकाच हाताची एकच क्रिया होती, हे पुरातत्त्वाच्या इतिहासलेखनात पुरेशा स्पष्टपणे सांगितले जात नाही, असे मला वाटते.

१८४४ मध्ये लिस्कर्डपासून या माळरानापर्यंत रेल्वे आली. मात्र भरभराट अल्पायुषी ठरली. साउथ कॅराडन १८८५ मध्ये बंद पडली. फीनिक्स युनायटेड १८९८ मध्ये. कॉर्निश खाणकामगार कामाच्या शोधात जगभर पांगले. दक्षिण ऑस्ट्रेलियात गेले, तसेच म्हैसूर संस्थानातील कोलारलाही आले; तेथील सोन्याच्या खाणी १८८० पासून लंडनच्या जॉन टेलर अँड सन्स या पेढीच्या व्यवस्थापनाखाली होत्या. अर्थात कोलारमध्ये कॉर्निश माणूस हा बहुधा मुकादम वा कप्तान असे. भूगर्भातील जिवावरचे कष्ट मुख्यतः तमिळभाषक, बहुतांशी दलित कामगारांच्या वाट्याला आले. स्वदेशी जो नुसता ‘मजूर’ होता, तोच येथे ‘साहेब’ झाला.

आज मिनियन्सच्या परिसरात छप्पर गेलेली इंजिनघरे आपल्या उंच धुराड्यांसह उभी आहेत. शिलावर्तुळांइतक्याच आदराने लोक ती पाहतात. २००६ मध्ये कॉर्नवॉल आणि पश्चिम डेव्हनच्या खाणप्रदेशाला युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि त्यात कॅराडनचाही अंतर्भाव झाला. कोलारच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. तेथील सायनाइडमिश्रित मातीचे डोंगर अजून उभे आहेत. वाऱ्याबरोबर त्यांची धूळ कामगारवस्तीत उडत असते.