लोरेची पत्रं

दहा वर्षांच्या मुलीला आपण काय काम सांगतो? दुकानातून साखर आण, धाकट्याला सांभाळ. व्हिएन्नाच्या लोरे ग्रोझमानला वडिलांनी सांगितलं होतं, इंग्लंडमध्ये भेटेल त्याला आमच्यासाठी विनंती कर.

मार्च १९३८मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया घेतला. ज्यू म्हणून वडिलांची बँकेतली नोकरी गेली. डिसेंबरात ज्यू मुलांना इंग्लंडला नेणारी आगगाडी निघाली. प्रवेश फक्त मुलांना होता, आईबापांना नाही. अशी सुमारे १०,००० मुलं वाचली.

निघताना लोरेनं हट्टानं सॉसेज मागितलं, आईनं ते धावपळ करून आणून दिलं. वाटेत मात्र तिच्या घशाखाली उतरेना. पुढे त्याला वास सुटला, तरी आईनं दिलेलं टाकवेना. डबा भरून देणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

समुद्राकाठच्या गारठलेल्या छावणीत हातमोजे घालून ती पत्रं लिहू लागली. खिडकीबाहेर बर्फाखाली एक गुलाब होता. ऑस्ट्रियातले ज्यू तसेच गोठताहेत, असं तिनं लिहिलं. ते पत्र निर्वासितांच्या समितीपर्यंत गेलं आणि आईवडिलांना घरकामाचा परवाना मिळाला. ८ मार्च १९३९ला, तिच्या अकराव्या वाढदिवशी, ते पोचले.

पण एकत्र घर नाहीच. पियानो वाजवणारी आई परक्यांच्या घरी स्वयंपाकीण झाली, वडील नोकर. मालकाच्या घरात नोकरांच्या मुलीला जागा नव्हती. लोरे एका कुटुंबातून दुसऱ्यात, अशी पाच घरं फिरली. युद्ध संपण्याआधीच वडील गेले.

पुढे ती न्यूयॉर्कला गेली, लोरे सीगल या नावानं लिहू लागली. ‘अदर पीपल्स हाउसेस’, म्हणजे दुसऱ्यांची घरं, हे तिचं पुस्तक १९६४चं. कादंबरी म्हणून छापलं, पण आहे तिचंच आयुष्य. आम्हाला ते आवडतं, कारण ती स्वतःला गोड करून दाखवत नाही. आसरा देणाऱ्यांवर आपण रुसायचो, आजारी वडिलांवर चिडायचो, हेही ती लिहिते. उपकाराखाली वाढणारं मूल नेहमी कृतज्ञच असावं, अशी आपली अपेक्षा असते ना?

त्या गाडीतल्या कितीतरी मुलांना आईबाप पुन्हा दिसले नाहीत. लोरेची आई मात्र शंभर वर्षं जगली. या मुलांवरच्या २०००च्या माहितीपटात मायलेकी दोघीही बोलल्या आहेत.