बायकांची सायकल : वस्त्राचें माप आणि शरीराचें माप

नांदेडला किंवा लातूरला दुकानांत मुलीसाठीं सायकल मागितली, तर वरची नळी खालीं उतरविलेली 'लेडीज' सायकल पुढें येते. ती नेमकी कोणाच्या मापाची, हें विचारण्याचें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. त्याचें उत्तर सायकलच्या इतिहासांत आहे.

इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथें जॉन केम्प स्टार्ले यानें १८८५ सालीं 'रोव्हर' सायकल बनविली. जवळजवळ सारखीं दोन चाकें आणि मागील चाकास सांखळीनें मिळणारी गति, ही तिची रचना आजहि कायम आहे. परंतु पुढें रूढ झालेल्या सांगाड्याच्या आडव्या नळीला त्या काळच्या इंग्रज स्त्रीचा पायघोळ झगा अडे. म्हणून १८८९ च्या सुमारास बायकांसाठीं ती नळी खालीं उतरविण्यांत आली. त्यामुळें सांगाड्याची बळकटी घटली. ती भरून काढावयाची तर वजन वाढे. सारांश, बायकांची सायकल झग्याच्या मापानें जन्मली, शरीराच्या नव्हे.

आपल्याकडे तर हें कारणहि नव्हतें. काष्ट्याच्या नऊवारी लुगड्यांत दोन्ही पाय मोकळे असतात. पुढें गोल पातळ रूढ झालें, तेव्हां झग्याची अडचण आपल्याहि वांट्यास आली. आणि शाळकरी मुलींच्या सलवारीनें ती पुन्हा दूर झाली. वस्त्रें बदललीं, सांगाडा मात्र तोच राहिला. तामिळनाडूंतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यांत १९९१ च्या सुमारास साक्षरतेच्या चळवळीबरोबर हजारों स्त्रिया सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हां त्यांनीं पुरुषांच्या घेतल्या. कित्येकींना त्याच अधिक पसंत पडल्या, कारण नळीवर मूल बसवितां येतें!

शरीराचा विचार फार उशिरां झाला. अमेरिकेंत जॉर्जिना टेरी या बाईंनीं १९८५ सालीं स्त्रियांच्या सायकलींचा कारखाना काढला, आणि ठेंगण्या स्त्रियांसाठीं पुढचें चाक लहान करून सांगाडा आंखूड केला.

हा प्रश्न आपल्या दाराशींच आहे. मानव विकास कार्यक्रमांतून नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या मागास तालुक्यांत, शाळेपासून पांच किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देण्यांत आल्या. अनेकींचें शिक्षण त्या दोन चाकांवर अवलंबून असतें. परंतु तेरा वर्षांच्या मुलीची उंची सतराव्या वर्षीं तीच राहत नाहीं. सीट फार उंच असली तर कंबर डुलते व थांबतांना पाय टेकत नाहीं. फार खालीं असली तर गुडघ्यावर ताण पडतो. हँडल दूर असलें तर पाठ व मनगटें अवघडतात.

माप घेणें कठीण नाहीं. मुलीनें अनवाणी भिंतीशीं उभें राहून मांड्यांमध्यें वही वर दाबून धरावी. वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचें अंतर ०.८८३ नें गुणिलें, म्हणजे पायडलचे दांडे ज्या आंसाभोंवतीं फिरतात तेथपासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. ७० सेंटिमीटरला ती सुमारें ६२ येते. शिकाऊ मुलीसाठीं सीट याहून खालीं ठेवावी, आणि दरवर्षीं पुन्हा मापावी. इतक्या खालीं सीट उतरत नसेल, तर तो सांगाडाच तिच्यासाठीं मोठा समजावा.

चप्पल घेतांना मुलीच्या पायाचें माप आपण आठवणीनें पाहतों. रोज शाळेला नेणाऱ्या सायकलीसाठीं तेवढेंच अगत्य कां नसावें?