एका डॉलरची शर्यत

"तू आयर्नमॅन केलीस?"
"नाही रे, स्प्रिंट."
"अच्छा.. म्हणजे छोटी."

हा संवाद ऑफिसच्या कँटीनमध्ये माझ्या वाट्याला इतक्या वेळा आलाय की शेवटी एक अख्खा शनिवार खर्ची घालून मी या 'छोटी'ची वंशावळ खणून काढली. आणि मंडळी, गंमत अशी की धाकटी म्हणून हिणवलेली हीच घरातली थोरली निघाली!

ज्यांना ट्रायथलॉन ही काय भानगड आहे ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. एकामागोमाग एक, आणि मध्ये घड्याळ थांबत नाही. स्प्रिंट म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी पळणं. याच्या बरोब्बर दुप्पट म्हणजे ऑलिम्पिक अंतर. आणि आयर्नमॅन म्हणजे ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल आणि वर अख्खी मॅरेथॉन. बहुतेकांचा समज असा की मूळ शर्यत आयर्नमॅन, आणि ज्यांना ती झेपत नाही त्यांच्यासाठी कुणीतरी दयाबुद्धीने लाइट व्हर्जन काढलं. हे साफ उलटं आहे.

व्हर्जन १.० ची तारीख २५ सप्टेंबर १९७४. वार बुधवार. म्हणजे रविवार-बिविवार नाही, लोक कामावरून सुटून संध्याकाळी आले होते. जागा अमेरिकेतल्या सॅन डिएगोची मिशन बे. सॅन डिएगो ट्रॅक क्लबच्या जॅक जॉनस्टोन आणि डॉन शॅनहन या दोघांनी ही शर्यत घाटली. जॉनस्टोन त्याआधी पळणं-पोहणं अशा जोडशर्यतीत उतरला होता आणि त्याला तसलंच काहीतरी अजून करायचं होतं. सायकलची भर शॅनहनची. क्रम मात्र आजच्यासारखा नव्हता. एकूण सुमारे साडेनऊ किमी पळणं, ८ किमी सायकल आणि साडेचारशे मीटरच्या आसपास पोहणं, आणि पळणं-पोहणं तुकड्यातुकड्यांत. काही पळणं तर अनवाणी! ४६ जणांनी शर्यत पूर्ण केली. पहिला आला बिल फिलिप्स, ५५ मिनिटं ४४ सेकंदांत. शेवटचे लोक पाण्यात असताना अंधार पडला, तेव्हा किनाऱ्यावर गाड्या उभ्या करून त्यांच्या हेडलाइटचा उजेड पाण्यावर टाकला.

प्रवेश फी एक डॉलर. तेव्हाच्या भावाने आठेक रुपये.

नावाचा किस्सा तर भारी आहे. ट्रॉफी बनवणाऱ्याने विचारलं, ट्रायथलॉनचं स्पेलिंग काय? डिक्शनरीत शब्दच नाही. मग पेंटॅथलॉन, डिकॅथलॉनच्या चालीवर जॉनस्टोनने ठोकून दिलं. (आता फ्रेंच लोक म्हणतील, १९२० च्या दशकात आमच्याकडे मार्न नदीच्या काठी 'तीन खेळ' नावाने असंच काहीतरी चालायचं. खरं आहे. पण तो धागा तिथेच तुटला. आजच्या खेळाची नाळ सॅन डिएगोला जाते.)

आता आयर्नमॅन कुठून आली? त्या बुधवारी धावलेल्यांत जॉन कॉलिन्स नावाचा नौदलातला अधिकारी होता. पुढे त्याची बदली हवाईला झाली. १९७७ मध्ये तिथल्या एका बक्षीस समारंभात नेहमीचा वाद रंगला: जास्त तंदुरुस्त कोण, पळणारे की पोहणारे? कॉलिन्स म्हणाला, सायकलवाल्यांना विसरू नका. आणि मग बेटावरच्या तीन वेगवेगळ्या लांब शर्यती एकाच दिवशी पाठोपाठ करायची टूम निघाली. १८ फेब्रुवारी १९७८ ला १५ जण निघाले, १२ पोचले. गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत पहिला. म्हणजे आयर्नमॅन ही मूळ कल्पना नव्हे, मूळ कल्पनेवर लावलेली पैज आहे. तिला आजची कीर्ती दिली टीव्हीने. फेब्रुवारी १९८२ मध्ये ज्युली मॉस ही विद्यार्थिनी आघाडीवर असताना शेवटच्या टप्प्यात कोसळली आणि रांगत रांगत रेषेपर्यंत गेली. ते चित्रण लोकांच्या घराघरात पोचलं. रांगणारी माणसं टीव्हीवर चांगली दिसतात. तासाभरात शर्यत संपवून घरी जेवायला जाणारी दिसत नाहीत.

पण खेळ म्हणून जे वाढलं ते छोटं रूपच. ८० च्या दशकात अमेरिकेतल्या शर्यतमालिकेत १.५-४०-१० हे अंतर रुळलं, १९८९ मध्ये फ्रान्सच्या आविन्योंला आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आणि २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये ट्रायथलॉन आलं. आयर्नमॅन अंतर ऑलिम्पिकमध्ये कधीच नव्हतं. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तर वैयक्तिक शर्यत स्प्रिंटचीच होती. अ‍ॅलेक्स यीने ती ५० मिनिटं ३४ सेकंदांत मारली. त्याच स्पर्धेत महिलांमध्ये भारताकडून दोघी होत्या, त्यातली संजना जोशी आपल्या पुण्याची. कँटीनमधल्या कितीजणांना हे माहीत आहे? शून्य. मी मोजलंय :-)

आपल्याकडे हा खेळ मोठ्या दरवाजाने आला. तशी पुण्यात २००३ पासून एन्ड्युरो-३ होती, तीन जणांचा संघ, डोंगर, सायकल, नदी पार करणं वगैरे. पण तिला साहसाची शर्यत म्हणत. आमच्या पिढीच्या कानावर 'आयर्नमॅन' पडलं ते २०१५ मध्ये, मिलिंद सोमणने झ्युरिकला ती पूर्ण केली तेव्हा. पुण्याचे डॉ. कौस्तुभ राडकर त्याच्या कितीतरी आधीपासून करत होते. मग ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्यात मिरामारला अर्धी आयर्नमॅन झाली आणि हिंजवडीच्या पार्किंगमध्ये महागड्या सायकली दिसू लागल्या. म्हणजे आपण खेळ शिकलो तोच शेवटच्या पानापासून.

मी स्प्रिंट केली ती पुण्याजवळच्या एका धरणात. नवशिक्याला काय होतं ते सांगतो, कारण इतिहासाच्या लेखात हा भाग कुणी लिहीत नाही. भोंगा वाजतो आणि शंभरेक माणसं एकदम पाण्यात. कुणाची लाथ छातीत, कुणाचा हात डोक्यावर. पहिले दोनशे मीटर पोहणं नव्हे, एसटीत चढणं असतं. मग गर्दी पांगते. तरणतलावात शिकलेल्यांना इथे वेगळाच त्रास होतो: तळाशी ती काळी रेघ नसते, भिंत नसते, खाली नुसता हिरवा काळोख. माझ्या शेजारचा एक जण, आमच्यापैकी सर्वात महाग सायकलवाला, बचाव होडीला धरून बसला होता. बाहेर आलात की डोकं गरगरतं, कारण इतका वेळ आडवे होतात. तशात हेल्मेट घालायचं. इंजिनिअर मंडळींना सांगायचं तर हा शुद्ध कॉन्टेक्स्ट स्विच, आणि त्याची किंमत असतेच. सायकलवरून उतरून पळायला लागलो तेव्हा पाय माझे नव्हतेच, ते अजून पेडलच मारत होते. तिसऱ्या किलोमीटरला ते परत माझे झाले. एकूण १ तास ३८ मिनिटं. फी साडेतीन हजार.

मला पाण्याची भीती वाटली नाही याचं श्रेय श्रीगोंद्याला. आमचं गाव म्हणजे दौंड-मनमाड लाइनवरचं, ऊस-लिंबाचं, जुनं नाव चांभारगोंदे, संत शेख महंमदांचं. तिथे पोहणं शिकायची जागा एकच, विहीर. पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर तेलाचा रिकामा डबा बांधायचा आणि चुलत्याने मागून ढकलायचं. कोचिंग संपलं. विहिरीची खोली परसांत सांगायची, तळ कधी दिसायचा नाही, म्हणून तो दिसावा अशी अपेक्षाही नसते. फक्त अंतर पोहायची सोय नाही. गोल पोहावं लागतं. हिशोब केला: दहा मीटर व्यासाच्या वर्तुळात ७५० मीटर म्हणजे साधारण २४ फेऱ्या. मुटका मारायला विहीर झकास, सरावाला चक्कर आणणारी.

१९७४ च्या त्या बुधवारच्या लोकांसारखं सगळं सामान आमच्याकडे सुट्टं सुट्टं पडलेलं आहे. पहाटे पोलीस भरतीची पोरं रस्त्याने पळताना दिसतात. १६०० मीटरचा टायमिंग त्यांना पाठ असतो. डेअरीला दूध घालणाऱ्याच्या सायकलला दोन्हीकडे कॅन असतात, गिअर नसतात. आणि पोहणारे आहेत, म्हणजे होते. बोअर खोल गेले तशा विहिरी आटल्या. घोड-कुकडीच्या कालव्याला आवर्तन सुटलं की पोरं उड्या मारतात, पण अस्तर केलेल्या उतारावर पाय टिकत नाही. शेततळ्याच्या प्लास्टिकवर तर त्याहून नाही. तिथे बुडालेल्या मुलांच्या बातम्या आपण वाचतोच. आणि मुलींना विहिरीत कुणी ढकललंच नाही. माझी बहीण माझ्यापेक्षा वेगात पळायची. तिला अजून पोहता येत नाही, म्हणजे तिच्यासाठी ही शर्यत काठावरच संपते.

भीमा आहे की, असं कुणी म्हणेल. आहे. आमच्या तालुक्यात पेडगावला बहादूरगड बरोब्बर भीमेच्या काठावर उभा आहे. १६८९ मध्ये संभाजी महाराजांना कैद करून औरंगजेबापुढे आणलं तो हाच. घाट, तटबंदी, नदीपासून श्रीगोंद्याकडे येणारा रस्ता, शर्यतीला याहून देखणी जागा सापडायची नाही. पण पेडगावच्या वरच्या अंगाला, दौंडच्याही आधी, भीमेला मुळा-मुठा मिळते. म्हणजे पुण्यात आमच्या सोसायटीच्या पाइपातून जे जातं, त्यातलं काय काय आमच्याच गावाला पोचतं.

पॅरिसला हेच झालं. सेनमध्ये पोहायला १९२३ पासून बंदी होती. २०२४ च्या ऑलिम्पिकसाठी नदी साफ करायला एक अब्ज युरोहून जास्त खर्च केला, तरी पाण्यातले जंतू वाढले म्हणून पुरुषांची ट्रायथलॉन ३० जुलैवरून ३१ ला ढकलावी लागली. सगळ्या जगाने नावं ठेवली. जुलै २०२५ मध्ये मात्र सेनवर तीन ठिकाणी साध्या पॅरिसकरांना पोहायला परवानगी मिळाली. फुकट.