बसऱ्याचे मोती

"तिकडे बसऱ्याचे मोती मिळतात का रे?" सनाबिसला राहायला आलो तेव्हा आईचा फोनवरचा पहिला प्रश्न. पणजीच्या नथीतले मोती बसऱ्याचे, हे आमच्या घरी कौतुकाने सांगितलं जातं. बसरा हे नाव व्यापाराचं. आखातातल्या मोत्यांना आपल्याकडे सरसकट बसऱ्याचे म्हणत, आणि त्यातले नावाजलेले मोती इथल्या, बहारीनच्या समुद्रातले.

म्हणून एका शुक्रवारी पूल ओलांडून मुहर्रकला गेलो. तिथला 'मोत्यांचा मार्ग' २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. बू माहिर किल्ल्यापासून गल्लीबोळांतून सुमारे ३.५ किलोमीटर चाललं की सियादी या मोती-व्यापारी घराण्याचा वाडा येतो.

उन्हाळ्याचे चार महिने गलबतं समुद्रात असत. नाकाला चिमटा, पायाला दगड, की पाणबुड्या तळाशी. वर दोरी धरून बसलेला जोडीदार त्याला ओढून घेई. यात स्वतंत्र पाणबुडे होते, पण कर्जात अडकलेले. बापाचं कर्ज मुलाच्या डोक्यावर येई. आणि गुलामही होते, आफ्रिकेतून आणलेले. बुडी गुलामाने मारायची, कमाई मालकाने घ्यायची.

पीएच.डी. करताना लिव्हरपूलचं गुलामगिरीचं संग्रहालय पाहिलं होतं. माणसं भरून अटलांटिक ओलांडणारी जहाजं, पलीकडचे उसाचे मळे... तेव्हा वाटलं, हे पाप गोऱ्यांचं, आपला काय संबंध? मुहर्रकमध्ये तसं म्हणवेना. कारण इथल्या मोत्यांची मोठी बाजारपेठ होती आपली मुंबई! १९६५ मध्ये दिनार येईपर्यंत बहारीनमध्ये चलनही रुपयाचंच.

समुद्रमार्गे गुलाम आणणार नाही, असा करार इथल्या शेखांनी इंग्रजांशी १८४७ मध्ये केला. गुलामगिरी कायद्याने संपली १९३७ मध्ये. म्हणजे मध्ये ९० वर्षं गेली! तोवर जपानी मोत्यांनी आणि जागतिक मंदीने हा धंदाच बसवला होता. पळून इंग्रजांच्या कचेरीत पोचलेल्या गुलामांना मुक्तीचे दाखले मिळत. कुठून पळवून आणलं, कुणाला विकलं, ही त्यांची हकीकत लिहून घेतली जाई. ती कागदपत्रं आजही आहेत.

रात्री आईला सगळं सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली.

"म्हणजे आपल्या नथीतलाही...?"

"सांगता येत नाही गं."

नथ मोडायची नाही. पण पुढच्या लग्नात ती बाहेर निघेल तेव्हा कौतुकाबरोबर ही गोष्टही सांगायची, एवढं आमचं ठरलं.