रोजकीर्द, रुमाल आणि लॉगरोटेट : नोंदी किती दिवस जपायच्या?

१/ २ सप्टेंबर १८५९. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकमापकाचे आकडे नेहमीप्रमाणे वहीत उतरवले जात होते. एरवी हे वाचन तासातासाने होई. त्या दिवशी काटा भलताच हलू लागला, तेव्हा ते पंधरा-पंधरा आणि काही वेळा पाच-पाच मिनिटांनी होऊ लागले. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक अल्पावधीत सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरला. या नोंदीचे खरे मोल कळायला १४४ वर्षे जावी लागली.

२/ नोंद किती काळ जपावी, हा प्रश्न आज संगणकासमोर रोज उभा असतो. जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरील कोन गाव घ्या. याच पनवेल तालुक्यात २०२० साली योट्टा कंपनीचे ‘एनएम१’ हे प्रचंड डेटा सेंटर सुरू झाले. आणि कोनपासून काही किलोमीटरवर, नवीन पनवेलमध्ये, भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. कुलाब्याच्या परंपरेची ती वारस. एकाच तालुक्यात नोंदींची दोन जगे नांदतात. या धाग्यात दोन्हींकडे पाहू.

३/ आधी शब्द. ‘लॉग’ म्हणजे ओंडका. जहाजाचा वेग मोजण्यासाठी गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचा तुकडा बांधून तो पाण्यात सोडत आणि ठरावीक वेळात किती गाठी हातातून सुटतात ते मोजत. तो वेग ज्या वहीत लिहीत ती ‘लॉगबुक’. पुढे कोणत्याही कालानुक्रमी नोंदवहीला ‘लॉग’ म्हणू लागले. आपल्याकडे त्याच जातीची वही म्हणजे रोजकीर्द.

४/ युनिक्स वंशाच्या संगणकातही अशीच रोजकीर्द चालते. कोणी प्रवेश केला, कोणती सेवा बंद पडली, कोणता पासवर्ड चुकला, प्रत्येक घटनेची वेळेसह एक ओळ. १९८० च्या दशकात बर्कली येथे एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या टपाल-प्रणालीसोबत ‘सिसलॉग’ घडवला. निरनिराळ्या आज्ञावलींच्या नोंदी त्याने एका व्यवस्थेखाली आणल्या आणि प्रत्येक नोंदीला गांभीर्याची पायरी दिली. पुढे त्याचे प्रमाणीकरण झाले, तेव्हा या पायऱ्या आठ होत्या : ‘आणीबाणी’पासून ‘तपासणी’पर्यंत.

५/ ही वही आपोआप कधीच संपत नाही, आणि हीच अडचण आहे. लिहिणारा थकत नाही, पण डिस्क भरते. भरलेल्या डिस्कवर डेटाबेस लिहू शकत नाही, टपाल अडकते, सेवा कोलमडतात. उपाय व्यापाऱ्यांना ठाऊक होताच : दिवाळीत नवी वही पूजायची, जुनी बांधून माळ्यावर ठेवायची. संगणकात हे काम ‘लॉगरोटेट’ करतो. चालू फाइलला तो १ क्रमांक देतो, १ चा २ होतो, २ चा ३. जुन्या फाइली तो दाबून लहान करतो. दप्तरातले कागद रुमालात बांधावेत, तसे.

६/ फरक शेवटच्या पायरीत आहे. अनेक लिनक्स प्रणालींत मूळ मांडणी अशी असते : दर आठवड्याला नवी फाइल, जुन्या प्रती चार. नवी आली की सर्वांत जुनी पुसली जाते. म्हणजे कोणी वेगळे काही ठरवले नाही, तर यंत्राची स्मृती सुमारे महिन्याभराची. माळा लहान असल्यामुळे हे अपरिहार्य आहे. पण ‘चार’ हा आकडा एक निर्णय आहे, आणि तो बहुतेक ठिकाणी कोणीही विचारपूर्वक घेतलेला नसतो.

७/ वही बदलण्याचा क्षणही नाजूक असतो. युनिक्समध्ये चालू आज्ञावली फाइलला तिच्या नावाने ओळखत नाही; तिने उघडलेली फाइलच तिच्या हाती असते. नाव बदलले तरी ती जुन्याच वहीत लिहीत राहते. म्हणून रोटेशननंतर तिला ‘वही पुन्हा उघड’ असा इशारा द्यावा लागतो. दुसरा मार्ग म्हणजे फाइलची नक्कल करून मूळ फाइल रिकामी करणे. त्यात नक्कल आणि सफाई यांच्यामधल्या क्षणी आलेल्या ओळी कायमच्या हरवू शकतात.

८/ कुलाब्यापुढेही हाच पेच आला होता. मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय वाचने बिघडणार होती. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी त्यासाठी अलिबागची जागा निवडली. १९०४ मध्ये अलिबागेत निरीक्षणे सुरू झाली, पण कुलाब्याची लगेच थांबवली नाहीत. १९०६ पर्यंत दोन्हीकडे समांतर वाचने चालली, म्हणजे जुने आकडे नव्याशी जुळवता येतील. विजेची ट्राम धावली १९०७ साली. जुनी वही मिटण्याआधी नवी उघडली गेली होती. इतके निर्दोष हस्तांतर क्वचितच पाहायला मिळते.

९/ आता जपावे काय? कीर्दीवरून खतावणी होते, खतावणीवरून ताळेबंद. प्रत्येक पायरीवर कागद कमी होतो आणि तपशीलही. मूस यांनी कुलाब्याच्या १८४६ ते १९०५ या काळातील नोंदींचे संकलन १९१० साली प्रसिद्ध केले. पेशवे दप्तरातील रोजकीर्दींतून गणेश चिमणाजी वाड यांनी निवडक उतारे काढले. दोन्ही कामे थोर आहेत. तरी निवड करणाऱ्याला पुढच्या पिढीचा प्रश्न ठाऊक नसतो. मूळ रुमाल टिकले, म्हणून नवा अभ्यासक नवा प्रश्न घेऊन पुन्हा त्यांच्यापाशी जाऊ शकतो.

१०/ याचा पुरावा १८५९ च्या वादळातच आहे. १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर प्रखर लखलखाट पाहिला. दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठले, तारायंत्रे बिघडली. युरोपातील काही वेधशाळांत छायाचित्राच्या कागदावर आपोआप उमटणारी रेषा कागदाबाहेरच गेली. मुंबईत माणूस डोळ्यांनी वाचून हाताने लिहीत होता. त्याच्या वहीला काठ नव्हता.

११/ २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ आणि भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना व सोभना अलेक्स यांनी या नोंदींवरून वादळाची तीव्रता सुमारे −१७६० नॅनोटेस्ला असल्याचा अंदाज मांडला. २००६ साली इतर अभ्यासकांनी त्याच आकड्यांची तासाची सरासरी घेतली, आणि अंदाज सुमारे −८५० वर आला. वाद झाला, तो होऊ शकला, कारण पाच-पंधरा मिनिटांची कच्ची वाचने शिल्लक होती. केवळ तासाची सरासरी उरली असती, तर प्रश्नच विचारता आला नसता.

१२/ संगणकात मात्र वादळाच्या दिवशीच स्मृती सर्वांत लवकर पुसली जाते. बिघाड झाला की त्रुटींच्या ओळी हजारोंनी कोसळतात. रोटेशन आकारावर बेतलेले असेल, तर फाइली भराभर भरतात आणि सर्वांत जुनी बाहेर पडते. जुनी म्हणजे जिथे बिघाड सुरू झाला ती. ‘जर्नलडी’ही सहसा डिस्कच्या १० टक्के किंवा ४ जीबी, यांतील लहान मर्यादा पाळतो आणि तीवर गेल्यास जुने पुसतो. उरतो परिणामांचा कोलाहल. कारण वाहून गेलेले असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही अवस्था ओळखीची वाटेल.

१३/ शिवाय शांत दिवसांच्या कंटाळवाण्या नोंदी लागतातच. १६०० ची घसरण ही कशापासूनची घसरण? आधीच्या निवांत दिवसांच्या पातळीपासूनची. नेहमीचे काय ते माहीत नसेल, तर विपरीत काय ते कळत नाही. सर्व्हरवर घुसखोरी शोधणारा तज्ज्ञही रोजच्या प्रवेशांशीच तुलना करतो.

१४/ कायद्यानेही यात हात घातला आहे. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशानुसार, ज्यांना तो लागू होतो त्यांनी आपल्या प्रणालींचे लॉग १८० दिवस जपायचे आहेत. ही मुदत सरकती आहे : १८१ वा दिवस आला की पहिला सोडायची मुभा. घुसखोरीच्या तपासाला ती उपयोगी आहे. मात्र लॉगमध्ये माणसांचे पत्ते आणि हालचाली असतात, त्यामुळे सर्व काही कायम ठेवणे हेही शहाणपण नव्हे. पुसणे ही देखील कधी कधी जबाबदारी असते.

१५/ म्हणून क्रम महत्त्वाचा. काय किती काळ ठेवायचे ते शांततेच्या दिवशी ठरवावे. बिघाड दिसताच त्या वेळच्या फाइली रोटेशनच्या वाटेतून उचलून दुसऱ्या यंत्रावर हलवाव्यात. लॉग लगोलग दूरच्या सर्व्हरवर पाठवत राहणे त्याहून बरे, कारण घुसखोर पहिल्यांदा स्थानिक वहीच फाडतो. आणि बांधलेला रुमाल उघडतो का, हे अधूनमधून पाहावे.

१६/ कुलाब्याच्या निरीक्षकाला सौरवादळाचे शास्त्र ठाऊक नव्हते. काटा हलतो आहे, तेव्हा अधिक वेळा लिहावे, एवढा नियम तो पाळत होता. बाकीचे काम त्याची वही न फेकणाऱ्यांनी केले. तुमच्या संगणकावर लॉगरोटेटची मांडणी असेल, तर ती आज उघडून एवढेच पाहा : तिथे कोणता आकडा लिहिला आहे, आणि तो कोणी ठरवला?